खानावळीची वेबसाइट नव्यानं करायचीय? आधी एक दिवस गल्ल्याजवळ बसा

कोल्हापुरात वेबसाइटचं काम सुरू करणाऱ्या पोरांना पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा नात्यातलंच मिळतं. मामाची खानावळ, मित्राच्या वडिलांची मिसळ, नाहीतर राजारामपुरीतल्या ओळखीच्या माणसाचं फॅमिली रेस्टॉरंट. "आमची साइट लई जुनी झालीया, जरा चकाचक करून दे की," एवढंच सांगितलेलं असतं. आपण त्याच रात्री लॅपटॉप उघडून रंग निवडायला बसतो. मीही तेच केलं होतं. काळी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, वर तांबड्या रश्श्याचा वाफाळता व्हिडिओ. मालकांनी बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, "ह्यात आमचा फोन नंबर कुठाय?"

होता. सगळ्यात तळाला, काळ्यावर करड्या अक्षरांत.

म्हणून या लेखात रंगांबद्दल फारसं काही सापडणार नाही. जुनी साइट आणि इतरांच्या साइट कशा तपासायच्या, काय टिपायचं आणि त्यातनं कामाची यादी कशी काढायची, तेवढंच सांगतो. हे नीट झालं की डिझाइनचं निम्मं भांडण मिटतं.

पहिली पायरी: गल्ल्यावरचा फोन ऐका

एक रविवार काढा. दुपारी बारा ते तीन आणि रात्री साडेसात ते दहा, वही घेऊन गल्ल्याजवळ स्टुलावर बसा. फोन आला की समोरचा काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपल्या शब्दांत नको. माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं:

"आज चालू हाय न्हवं?"
"मटण ताट कितीला?"
"रस्सा परत मिळतोय का त्याचं येगळं पडतंय?"
"तावडे हॉटेलजवळ आलोय, आत यायला किती वेळ? गाडी लावायला जागा हाय काय ओ?"
"बारकी पोरं हाईत, बिनतिखट काय मिळंल?"
"दोघं मटणवाले, दोघं शाकाहारी, चालंल का?"
"उद्या चाळीस माणसांचं पार्सल मिळंल काय?"

"आमची परंपरा आणि वारसा" याबद्दल विचारणारा एकही फोन आला नाही. त्या साइटच्या पहिल्या पानावर मात्र तेच होतं, तीन परिच्छेद.

फोन नसेल तेव्हा टेबलांकडं बघा. त्या दिवशी गोव्याकडचं एक कुटुंब बसलं होतं. पांढरा रस्सा आला तसा त्यांनी तो सूप समजून चमच्यानं संपवला आणि ताट आल्यावर वाट्या रिकाम्या बघून गप्प बसले. रस्सा परत मागता येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वाढप्याच्या लक्षात आलं म्हणून बरं. आपल्याला जे सांगावंसं वाटत नाही, इतकं उघड वाटतं, नेमकं तेच बाहेरच्या माणसाला साइटवर हवं असतं.

या वहीतले आठ-दहा प्रश्न हीच तुमची तपासणीची कसोटी. नेटवर 'रेस्टॉरंट वेबसाइट चेकलिस्ट' नावाच्या याद्या ढिगानं मिळतात. त्यात टेबल बुकिंग पहिल्या तिनात असतं. आपल्या खानावळीत बुकिंग नसतं, नंबर लावायचा असतो.

दुसरी पायरी: कुणाच्या साइट बघायच्या

दहा-बारा पुरे. चार-पाच कोल्हापुरातल्याच, आपल्यासारखंच जेवण देणाऱ्या. तीन-चार बाहेरच्या, जिथं आपल्यासारखाच गाडीनं येणारा पाहुणा जेवतो: बेळगाव, रत्नागिरी, पणजी. एक-दोन मोठ्या शहरातल्या, तयारीच्या माणसांनी केलेल्या. आणि झोमॅटो-स्विगीवरचं आपलंच पान, कारण गिऱ्हाइकाच्या बोटांना सवय तिथली लागलेली असते: फोटो, नाव, दर, एका ओळीत.

ज्यांची साइटच नाही त्यांनाही यादीत घ्या. कोल्हापुरात नावाजलेली कितीतरी ठिकाणं गूगलवरची नोंद आणि इन्स्टाग्राम एवढ्यावर चालतात, बाहेर रांग असते. तुमच्या मालकांचंही तेवढ्यावर भागत असेल तर ते त्यांना सरळ सांगा. काम एक कमी होईल, पण गावात नाव राहील.

साइट नसली तरी गूगलची नोंद तपासायचीच. माणूस 'मटण थाळी नियर मी' असं टाकतो, त्याला आधी नकाशा दिसतो, साइट नंतर. तिथली वेळ एक, साइटवरची दुसरी आणि दारावरच्या पाटीवर तिसरी, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता तपासणीची सुरुवातच तिथनं करतो.

तिसरी पायरी: उन्हात उभं राहून बघा

लॅपटॉप बंद. साधा, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय नको, मोबाइल डेटा ठेवा. इन्कॉग्निटो टॅब उघडा, नाहीतर आधी उघडलेली साइट फोनमध्ये साठलेली असते आणि झटकन येते, आपली फसवणूक होते. रविवारी दुपारी भवानी मंडपाजवळ गर्दीत उभं राहा. अंबाबाईचं दर्शन घेऊन, पोरं कडेवर घेऊन, जेवायला कुठं जायचं हे शोधणारा माणूस नेमका असाच उभा असतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोन.

आता वहीतला एकेक प्रश्न घ्या आणि घड्याळ लावा. माझा ठोकताळा असा: दहा सेकंदांत आणि दोन वेळा बोट लावून उत्तर मिळालं तर 'मिळालं'. शोधत बसावं लागलं तर 'उशिरा'. सोडून द्यावंसं वाटलं तर 'नाही'. दहापैकी गुण देत बसू नका. सातात आणि आठात काय फरक, हे आठवड्यानं तुमचं तुम्हालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक साइट उघडल्यावर काही न सरकवता जो पहिला पडदा दिसतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या. बाराच्या बारा ओळीनं लावून बघा. माझ्याकडच्या बहुतेकांवर एक मोठा फोटो, आपोआप सरकणारा, आणि त्यावर 'अस्सल कोल्हापुरी चव' असं काहीतरी. सगळेच अस्सल म्हटल्यावर त्या शब्दानं काय कळलं? त्याच जागेवर 'आज चालू, रात्री १०.३० पर्यंत' आणि फोनचं बटण असतं तर उन्हातल्या त्या माणसानं तिथंच निर्णय घेतला असता.

बटणाचं म्हणाल तर नुसता नंबर लिहून भागत नाही, बोट लावल्यावर फोन लागला पाहिजे. नंबर चित्रात असेल तर लागत नाही. व्हॉट्सॲपचं बटण असेल तर ते दाबून खरोखर कुठं जातं ते बघा. एका साइटवरनं मी थेट ती साइट बनवणाऱ्याच्या चॅटमध्ये पोचलो होतो.

पत्ता वेगळाच विषय. कोल्हापुरातल्या साइटवर सि.स.नं., मग बी वॉर्ड, मग पेठ असा कागदोपत्री पत्ता असतो. घरफाळ्याच्या पावतीवर तो ठीक आहे. आपल्याकडं माणूस वॉर्डावरनं हॉटेल शोधत नाही, तालमीवरनं शोधतो. 'अमुक तालमीसमोरच्या बोळात' हे लिहिलंय का बघा. नकाशाची खूण दारावर पडते की मागच्या गल्लीत, हे तिथं चालत जाऊन तपासा. आणि चारचाकी कुठं लावायची ते कुणीच लिहीत नाही. बारापैकी एखाद्यानं लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मेन्यू: इथं जास्त वेळ घालवा

बाकी सगळं दहा मिनिटांत आटोपेल, पण मेन्यूला प्रत्येक साइटवर निवांत बसा. निम्म्याहून जास्त रड इथंच आहे.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे पीडीएफ. छापखान्यात केलेलं मेन्यूकार्ड जसंच्या तसं साइटवर चढवलेलं. फोनवर उघडलं की अख्खं पान बोटभर जागेत, अक्षरं मुंग्यांएवढी. मोठं करायला जावं तर पदार्थाचं नाव डावीकडं राहतं आणि दर उजवीकडं पडद्याबाहेर. मटण ताटाच्या ओळीवर बोट धरून दरापर्यंत सरकावं तोवर ओळ बदललेली असते, आणि तुम्ही खिम्याचा दर मटण ताटाचा समजून बसता.

दुसरा प्रकार मेन्यूकार्डाचा फोटो, बहुधा टेबलावर ठेवून काढलेला, वर ट्यूबलाइटची तिरीप पडलेली.

तिसरा प्रकार खास आपला. छापखान्यातलं मराठी वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फाँटांत टाइप होत आलंय. ते युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक फोनला कळणारी अक्षरं नाहीत. फाइलमधला 'तांबडा रस्सा' कॉपी करून साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा उमटतात. मग कुणीतरी वैतागून त्याचं चित्र करून डकवतो. दिसायला मराठी, पण फोनच्या दृष्टीनं तिथं अक्षरच नाही. तपासायची युक्ती सोपी आहे: पानावर 'सोलकढी' हा शब्द बोटानं निवडून बघा, नाहीतर 'पानात शोधा' मध्ये टाकून बघा. सापडला नाही तर गूगललाही बहुधा सापडत नाही, आणि डोळ्यांनी अधू माणसाच्या फोनला तो वाचूनही दाखवता येत नाही.

तुम्हाला असली फाइल मिळाली तर फाँट कन्व्हर्टर वापरा, पण जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासा. 'खर्डा'चं काहीही होऊ शकतं. मेन्यू लहान असेल तर सरळ हातानं टाइप करा.

पदार्थाची नावं मराठीत आहेतच, पण लोक शोधताना इंग्रजी अक्षरांत टाकतात, आणि ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून मराठी नावाखाली इंग्रजी लिपीतलं नाव कुणी दिलंय ते टिपा. कोकणातनं, गोव्यातनं, निपाणी-बेळगावकडनं येणारा माणूस या शहराचा नेहमीचा पाहुणा आहे. त्याच्यासाठी एक ओळीचा खुलासा हवा: अळणी म्हणजे मिरची न घालता शिजवलेलं मटण, लहान पोरांना चालतं, पांढरा रस्सा त्याच अळणी पाण्यात नारळाचं दूध घालून केलेला, जाळ नसलेला, तांबडा-पांढरा ताटाबरोबर परत मिळतो, वेगळे पैसे नाहीत. ताटात काय काय येतं ते मोजून लिहिलेल्या साइट मला बारात दोनच सापडल्या. गोव्याच्या त्या कुटुंबाला एवढ्या तीन ओळी पुरल्या असत्या.

दर आहेत का, आणि ते आजचे आहेत का? दराशेजारी 'जीएसटी धरून' की 'जीएसटी वेगळा' हे लिहिलेलं असावं. साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के असतो, पण चार माणसांच्या बिलात कळतो. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये बजावलंय, तेव्हा जुन्या साइटच्या तळाला तसली ओळ असेल तर मालकांच्या कानावर घाला. तिथंच एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असला तर बरा. जागा लागत नाही आणि बाहेरच्या माणसाला भरवसा वाटतो.

चौथी पायरी: यंत्राला विचारा, पण सगळं मानू नका

गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे साइटचा वेग मोजणारं साधन फुकट आहे. साइटचा पत्ता टाका, 'मोबाइल' निवडा. लहान साइटला पुरेसे पाहुणे नसले की वरचा, खऱ्या वापरणाऱ्यांचा भाग रिकामा दिसतो. घाबरू नका, खालची चाचणी बघा. तीन मापं लक्षात ठेवा. पानातला सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर पानानं २०० मिलिसेकंदांत हालचाल करावी. हे माप मार्च २०२४ पासून आलंय आणि खऱ्या वापरातच कळतं. आणि पान उघडताना उड्या मारू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. उड्या म्हणजे काय, तर तुम्ही फोनच्या बटणावर बोट नेता, तेवढ्यात वरचा फोटो उघडतो, सगळं खाली ढकललं जातं आणि बोट 'फेसबुकवर लाइक करा' वर पडतं.

उशिराचं कारण दहापैकी नऊ वेळा फोटो असतो. फोननं काढलेला ताटाचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद, तीन-चार एमबीचा, तसाच चढवलेला. फोनवर दिसायला आठशे-हजार पिक्सेल भरपूर झाले. वेबपी (WebP) या हलक्या फाइल-प्रकारात तो शंभर-दीडशे केबीत बसतो आणि रश्श्यावरचा कट तेवढाच चमकतो.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा असा वेबवरचा मान्य दंडक आहे. तपासायची साधनं फुकट मिळतात. माझी ती काळ्यावरची करडी अक्षरं त्यात नापास झाली होती. मराठीसाठी आणखी दोन गोष्टी बघा. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलं असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलीय का ते बघा. ज्या फाँटात सोय आहे तिथं मग ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. मुक्त आणि बालू हे फाँट फुकट आहेत आणि आपल्याच देशातल्या एक टाइप या मंडळींनी घडवलेत. नुसत्या सजावटीचे फाँट पाटीवर शोभतात, दरपत्रकात नकोत.

पाचवी पायरी: साइट कुणाच्या नावावर आहे?

हे आधी विचारलं नाही म्हणून माझा दीड महिना गेला. जुनी साइट ज्यानं केली होती त्यानं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. वर्षाचे पैसे मालक भरत होते, पण कागदोपत्री मालक तोच. तो फोन उचलेना. शेवटी मध्यस्थ घालून, चहा पाजून ते सुटलं. तेव्हा पहिल्याच भेटीत चार गोष्टी लिहून घ्या: डोमेन कुणाच्या खात्यात, होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) कुठं, गूगलच्या नोंदीचा मालक कोण आणि नूतनीकरण कधी.

अनेक लहान हॉटेलांनी गूगलच्या नोंदीबरोबर मिळणारी फुकट साइट घेतली होती, शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असणारी. गूगलनं ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद केली. पत्ता मात्र अजून पाटीवर, बिलावर, रिक्षाच्या पाठीमागं छापलेला असतो. छापलेला प्रत्येक पत्ता आणि टेबलावरचा प्रत्येक क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून बघा. जुनी पानं नव्या पत्त्याकडं वळवायची तर आधी कुठली होती ते माहीत पाहिजे. वेबॅक मशीन या जुन्या साइटच्या संग्रहावर पत्ता टाकला की जुन्या प्रती बऱ्याचदा मिळतात. मालकांच्या वडिलांचा गल्ल्यावर बसलेला एक फोटो मला तिथंच सापडला. मालकांकडंही तो नव्हता.

सहावी पायरी: पाच माणसं आणि तुमची जीभ

साइट उघडून पाच जणांच्या हातात फोन द्या, आपल्या धंद्यातले नकोत. काम सांगा: "चौघं आहात, दोघं शाकाहारी. इथं जायचं का ठरव." मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड. माझ्या मित्राची आई ताटाच्या फोटोवर बोट ठेवत राहिली, परत परत. फोटोवर दाबल्यावर दर दिसेल असं तिला वाटत होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, "काकू, खाली सरका." गिळलं. थोड्या वेळानं तिनं फोन परत दिला, "आपण फोन करून इचारूया की." वहीत लिहिलं: फोटोखालीच दर.

सातवी पायरी: यादी

आता तीन ढीग करा. पहिला, या आठवड्यात होणारं: चुकीची वेळ, न लागणारा नंबर, नकाशाची खूण. यासाठी नव्या साइटची वाट बघायची नाही, पैसेही मागायचे नाहीत. दुसरा, नव्या साइटमधलं. तिसरा, न करायचं. हा तिसरा ढीग मालकांसमोर वाचून दाखवा, कारण मागण्या तिथनंच येणार आहेत: साइट उघडल्यावर वाजणारी हलगी, सरकणारे फोटो, येताक्षणी तोंडावर आदळणारी ऑफर.

दुसऱ्या ढिगात एक गोष्ट सगळ्यात वर ठेवा: मालकांना स्वतःच्या फोनवरनं दर आणि 'आज बंद' बदलता आलं पाहिजे. श्रावणात वेळा बदलतात, नवरात्रात मेन्यू बदलतो, मटणाचा दर वाढला की ताटाचा वाढतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा शहरातलं कुठलं हॉटेल चालू आहे ते साइटवर बघून कळायची सोय फारशी कुठं नव्हती. दर बदलायला तुम्हाला फोन करावा लागत असेल तर सहा महिन्यांत तीही साइट शिळी होणार, आणि पुढचा पोरगा तुमच्या साइटचा स्क्रीनशॉट घेऊन बसणार.

साइट चालू झाल्यावर महिन्यानं परत एक रविवार तीच वही घेऊन गल्ल्याजवळ बसलो. "चालू हाय न्हवं?" बरंच कमी झालं होतं. "रस्सा परत मिळतोय का?" एकदाच आलं. "गाडी लावायला जागा हाय काय ओ?" मात्र तसंच. पार्किंगची ओळ साइटवर होती, पण बोळाचं तोंड नवख्याला कळतच नाही, दोन दुकानांच्या मधे ते दडलंय. या रविवारी सकाळी, गाड्या लागायच्या आत, त्याचा फोटो काढायला जाणार आहे.